यादीत नाव नको

यशोधरा ओव्हाळला ऐकू येत नव्हतं, आणि पवना धरणाच्या काठावरच्या निम्म्याअधिक तंबूंना तिचा हात लागलेला होता. शनिवार-रविवारी मुक्कामाला आलेली पोरं तंबूची चेन ओरबाडत, शेकोटीच्या ठिणग्यांनी कापडाला भोकं पाडत, अंधारात दोऱ्यांना अडखळून टाके उसवत. सोमवारी सकाळी तंबूवाले गाठोडी बांधून तिच्या शेडमध्ये आणून टाकत. कातळवाडीत, पवनानगरच्या पुढं धरणाला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याला लागूनच तिची पत्र्याची शेड होती. आत जाड सुईचं मशीन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि दाराशी उन्हाला बसून दोऱ्यांचा गुंता सोडवणारी तिची आई, झुंबरबाई.

लहानपणी तापात यशोधराचं ऐकणं गेलं. पुण्याच्या मूकबधिर शाळेत, वसतिगृहात राहून ती शिकली. तिथं तिला हातांची भाषा मिळाली, आणि भाषेबरोबर थट्टा, भांडण, गप्पा सगळं मिळालं. दहावी करून गावी परतली तेव्हा ते सगळं पुण्यातच राहिलं. गावात तिच्याशी बोलायचं म्हणजे कागदावर दोन शब्द, नाहीतर बोट दाखवणं. आईशी तेवढं जमे. मायलेकींनी स्वतःच घडवलेल्या खुणा होत्या. त्या शाळेतल्या भाषेसारख्या भरघोस नव्हत्या, पण घर चालायला पुरत होत्या.

मग ‘हातबोली’ आलं. पुण्यातल्या काही बहिऱ्या तरुणांनी आणि दुभाष्यांनी मिळून काढलेलं हे लहानसं ॲप. उघडलं की फोनवर दुभाषी दिसे. यशोधरा हातांनी बोले, दुभाषी ते समोरच्याला मराठीत ऐकवी, आणि त्याचं बोलणं हातांनी यशोधराला सांगे. तिच्या वाट्याला बहुतेक वेळा प्रेरणा येई. प्रेरणाला ऐकू येत होतं, पण तिचे आईवडील दोघंही बहिरे. घरात ती आधी हातांनी बोलायला शिकली होती, मग तोंडानं.

पहिल्यांदा प्रेरणाच्या मदतीनं यशोधरा बोलली ती श्रीपती आबांशी. आबांचे धरणाकाठी पुष्कळ तंबू होते आणि ते तिचे जुने गिऱ्हाईक.

“आबा, मागच्या खेपेला तुम्ही आणलेलं कापड भंगार होतं,” फोनमधून प्रेरणाचा आवाज आला. “टाका घातला की तिथूनच फाटतं. दुकानदार तुम्हाला फसवतोय, आणि नाव माझ्या शिलाईला.”

आबा फोनकडे बघत राहिले, मग यशोधराकडे, मग खो खो हसले. “आगं, ही येवढं बोलती व्हय? इतकी वर्सं गप बसवून ठेवलं का हिला आमी!”

अडचण एकच होती. डोंगरांच्या आडोशामुळं कातळवाडीत मोबाइलचं नेटवर्क धड मिळत नसे. शेडमधून कॉल लागेच ना. बोलायचं असेल तर तुंग किल्ल्याकडच्या वळणापर्यंत चालत जावं लागे. यशोधरा पुढं, तिच्यामागं तंबूवाला, आणि दोघं वळणावर उभं राहून धंद्याची बोलणी करत. येणारे-जाणारे जीपवाले हात करून जात.

म्हणून ‘सह्यवेग’ कंपनीचे खांब गावात उभे राहिले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. लोणावळ्याची ही कंपनी गावागावांत मोफत वायफाय देत होती. सरपंच शालनताई घारे यांनी पंचायतीत खटपट करून ते आणलं होतं. चौकात ‘मोफत इंटरनेट गाव’ अशी मोठी पाटी लागली. शालनताईंनी तिच्याखाली नारळ फोडला, पेढे वाटले. एक खांब नेमका यशोधराच्या शेडसमोर आला होता. तिनं फोन जोडला. सिनेमाचा तुकडा लावून पाहिला; नटाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता.

मग तिनं हातबोली उघडलं. प्रेरणा आली, हसली, हात वर केले, आणि तिथंच थिजली. थोड्या वेळानं हात दुसरीकडंच दिसले. मधलं सगळं गायब. पुन्हा चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि कॉल तुटला.

नवीन आहे, बसेल हळूहळू, असं यशोधरानं स्वतःला समजावलं.

त्याच आठवड्यात झुंबरबाईंना चक्कर आली म्हणून ती त्यांना घेऊन पवनानगरच्या दवाखान्यात गेली. झुंबरबाईंना गोळ्यांची नावं लक्षात राहत नसत. औषधपाणी लेकच बघे. दवाखान्याच्या जाड भिंतींत मोबाइलचं नेटवर्क शिरत नव्हतं, पण तिथंही आता सह्यवेगचं वायफाय होतं. यशोधरानं डॉक्टरीणबाईंसमोर फोन उभा केला. प्रेरणा दिसली. डॉक्टरीणबाई बोलू लागल्या. प्रेरणाचे हात सांगू लागले: जुनी रक्तदाबाची गोळी... आणि हात थांबले. पुन्हा हलले तेव्हा ‘सकाळी’ एवढंच कळलं. मग चौकोन, मग काळा पडदा. बाहेर रांग मोठी होती. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर घाईघाईनं, कुणाला लागणार नाहीत अशा चार ओळी खरडल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

यशोधराला वाटलं, जुनी गोळी चालू ठेवून नवी सकाळी द्यायची. खरं तर जुनी बंद करायची होती. दोन्ही गोळ्या पोटात गेल्या आणि झुंबरबाई नळावर हंडा भरता भरता खाली बसल्या ते उठेचनात. शेजारणींनी उचलून आणलं. थोड्या वेळानं त्या सावरल्या, हंडा कुठाय म्हणून विचारू लागल्या. यशोधरानं त्यांना अंथरुणावर टेकवलं. ती वळणावर गेली, तिथून प्रेरणाला कॉल लावला आणि सगळं सांगितलं.

“मला सांग,” प्रेरणा म्हणाली, “त्या वायफायवर बाकीचं काय काय चालतं?”

यशोधरानं परत येऊन एकेक उघडून पाहिलं. सिनेमाचं मोठं ॲप पळत होतं. खरेदीचं मोठं ॲप पळत होतं. हातबोली अडकत होतं. तिच्या शाळेच्या मैत्रिणींनी काढलेलं बातम्यांचं पान, ज्यात बहिऱ्यांसाठी हातांनी बातम्या सांगत, ते नुसतं गोल गोल फिरत होतं. खांब तोच, फोन तोच, वेळ तीच.

तिनं सह्यवेगच्या निलेश दळवीला मेसेज केला. निलेश कंपनीचा या भागातला माणूस. वलवणला राहायचा, गावोगाव मोटारसायकलवर फिरायचा, कुणाशी वाकडं बोलायचा नाही. त्याचं उत्तर लगेच आलं. ‘ताई, तुमचं ॲप आमच्या भागीदारांच्या यादीत नाही. मोफत योजनेत यादीतल्या ॲपना पूर्ण वेग असतो. बाकीच्यांना उरेल तेवढा. हातबोलीवाल्यांना अर्ज करायला सांगा. भागीदारीचं शुल्क आहे, पण बघू काहीतरी.’

यशोधरानं तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. म्हणजे बिघाड नव्हताच. कुणीतरी बसून ठरवलं होतं की सिनेमा पुढं जाईल आणि तिचे हात मागं थांबतील.

“आपल्या देशात हा वाद एकदा होऊन गेलाय,” वळणावरच्या पुढच्या कॉलमध्ये प्रेरणानं तिला सांगितलं. “काही वर्षांपूर्वी असंच, फुकट पण निवडक इंटरनेट द्यायचं घाटत होतं. लाखो लोकांनी हरकती पाठवल्या. शेवटी सरकारी नियामकानं बंदी घातली की साइट बघून दर वेगळा लावायचा नाही. नंतर कंपन्यांच्या परवान्यातच अट आली. कुणाची सेवा अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही.”

“मग हे कसे करतात?”

“कुणी विचारत नाही म्हणून.”

विचारायची जागा समोरच होती. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सह्यवेगचा करार पुढं येणार होता. सुरुवातीचे महिने नुसते चाचणीचे. आता पंचायतीनं दहा वर्षं खांबांना जागा द्यायची आणि त्या काळात दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचं नाही, असा ठराव होता.

यशोधरा आधी श्रीपती आबांकडं गेली. या वेळी वळणापर्यंत जायला तिला सवड नव्हती, कागदावर लिहिलं. आबांनी चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. त्यांनी सावकाश, तोंड मोठं करून बोलायला सुरुवात केली, म्हणजे तिला ओठांवरून कळावं. “पोरी, फुकट मिळतंय. गावाला कदी काय फुकट मिळालंय? तू ह्यात खोडा घालू नको.”

यशोधरानं त्यांच्या नातीनं काढलेलं तंबूंचं पान स्वतःच्या फोनवर उघडलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. पान उघडेना. आबांच्या कपाळावर आठी पडली. “हे तर रोजचंच हाय. नातीला म्या किती बोललो, तुला येत न्हाई म्हून. पावनी म्हनत्यात फोटू दिसंना.” मग यशोधरानं तंबू बुकिंगचं एक मोठं ॲप उघडलं. त्यात काठावरच्या दुसऱ्या तंबूंचे फोटो भराभर आले, आबांचे त्यात नव्हते. ते कितीतरी वेळ फोनकडं बघत राहिले. फोन परत देताना फक्त म्हणाले, “येतो म्या सभंला.”

सभेच्या आदल्या दिवशी निलेश शेडवर आला. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. झुंबरबाईंना नमस्कार करून तो यशोधरासमोर स्टुलावर बसला आणि फोनवर लिहून तिला दाखवू लागला.

‘ताई, आनंदाची बातमी. मी साहेबांशी भांडलो. तुमची केस खास म्हणून हातबोली यादीत घेतोय. शुल्क नाही, अर्ज नाही. उद्या सकाळपासून पूर्ण वेग.’

यशोधरानं वाचलं. तिला खरंच बरं वाटलं. तो मनापासून आला होता, हे दिसत होतं. उद्यापासून शेडमध्ये बसून बोलता येईल, दवाखान्यात बोलता येईल. हे डोक्यात येत असतानाच तिची बोटं फोनवर वेगळंच लिहीत होती.

‘आणि आबांचं पान?’

‘ते व्यवसाय आहेत. त्यांनी भागीदारी घ्यावी.’

‘माझ्या मैत्रिणींच्या बातम्या?’

‘ताई, सगळ्यांना कसं घेणार? यादी म्हटलं की कुणीतरी बाहेर राहणारच.’

यशोधरानं थोडा वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग लिहिलं: ‘दादा, तुम्ही माझ्यासाठी भांडलात, आभारी आहे. पण आज तुम्ही घेतलं, उद्या दुसरे साहेब काढतील. मला यादीत नाव नको. यादीच नको.’

निलेशनं ते दोनदा वाचलं. ‘मग सभेत तुम्ही बोलणार कशा?’ त्यानं विचारलं. ‘तुमची दुभाषी तर याच वायफायवरून येणार.’

‘येऊ दे तशीच. तुम्ही काही बदलू नका.’

तो गेल्यावर झुंबरबाईंनी लेकीला खुणेनं विचारलं, काय म्हणत होता? यशोधरानं सांगितलं. झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला. घरात आलेली सोय लेकीनं दारातून परत पाठवली होती. पण त्यांनी तिला वेडी म्हटलं नाही. पेढा मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला.

प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन झालं आणि लोक समाजमंदिरात जमले. सुट्टीमुळं काठावर पाहुण्यांची गर्दी होती. तंबूवाले गाड्यांच्या किल्ल्या हातात घेऊनच बसले होते, कधी एकदा संपतं म्हणून. झुंबरबाई नेहमीसारख्या मागं, दाराजवळ टेकल्या. इतक्या वर्षांत त्या ग्रामसभेला आल्या होत्या, पण तिथं एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्या वस्तीतल्या बायका मागंच बसत आणि सही करून निघत.

शालनताईंनी विषय मांडला. निलेशनं प्रोजेक्टरवरून भिंतीवर चित्रं दाखवत योजना समजावली. टाळ्या झाल्या. “कुनाची हरकत?” शालनताईंनी रीतीप्रमाणं विचारलं आणि पुढच्या विषयाकडं वळणार, तोच यशोधरा उठून समोर आली.

तिनं आपला फोन प्रोजेक्टरला जोडला. हातबोली उघडलं. प्रेरणाचा हसरा चेहरा भिंतीवर मोठा दिसला. “नमस्कार, मी प्रेरणा, यशोधराताईंची दुभा—” आवाज तुटला. चेहरा थिजला. यशोधरा सभेकडं तोंड करून हातांनी बोलू लागली. सावकाश, नीट, शाळेत शिकली होती तशी. भिंतीवर प्रेरणाचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. यशोधरा बोलतच राहिली. सभेत कुणालाच काही कळत नव्हतं. सुरुवातीला पोरं हसली, मग थांबली. कुणी खाकरलं. शालनताईंनी निलेशकडं पाहिलं. निलेश खाली बघत होता.

यशोधरा थांबली. तिनं दुसरं ॲप लावलं. भिंतीवर सिनेमातली नाचणारी माणसं आली, गाणं दणदणीत वाजू लागलं, एकदाही न अडखळता. तिनं पुन्हा हातबोली लावलं. पुन्हा चौकोन.

मग तिनं दाराकडं बघून आईला हात केला. ये.

झुंबरबाई जागच्या हलल्या नाहीत. सगळ्या माना मागं वळल्या होत्या. लेकीनं पुन्हा हात केला, आणि त्या पदर सावरत उठल्या, माणसांच्या मधून वाट काढत पुढं आल्या. यशोधरा आता शाळेच्या भाषेत नाही, घरच्या खुणांत बोलू लागली.

“ती म्हनती,” झुंबरबाई म्हणाल्या. मग मागच्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला. “ती म्हनती, शिनिमा पळतुया, बगितलं ना समद्यांनी. मंग माजं हात का आडवलं? ती म्हनती, हे मोडल्यालं न्हाई. हे मुद्दाम हाय.” त्यांनी लेकीकडं पाहिलं, पुढची खूण ओळखली, आणि पुढं जे बोलल्या ते लेकीचं किती आणि त्यांचं किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. “दवाखान्यात डाक्टरीण माज्या लेकीला गोळ्या सांगत व्हती. निम्मं आलं, निम्मं आलं न्हाई. म्या नळावर पडले. तवा ज्यांनी उचललं त्या हितंच बसल्यात. इचारा.”

“व्हय, खरंय,” मागून दोघीतिघी म्हणाल्या.

शालनताईंचा चेहरा उतरला होता. हे वायफाय म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतलं मोठं काम. त्या निलेशकडं वळल्या. “आवो दळवी, हे खरं का? चालू करा की तिचं. हितंच, आत्ता.”

निलेशनं फोन काढला, कार्यालयात कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलला. माणसं कुजबुजत होती. तेवढ्यात भिंतीवर प्रेरणा हलली. तिचे हात पाण्यासारखे वाहू लागले. “ऐकू येतंय का?” तिचा आवाज स्वच्छ आला. “यशोधराताई, मी आहे.”

सभेत टाळ्या पडल्या. निलेशही हसला. “बघा, झालं की नाही?”

शालनताई हसल्या नाहीत. “दोन मिंटात झालं?” त्या म्हणाल्या. “म्हंजे खांब नीट हाय, वायर नीट हाय. मंग इतके दिस तुमीच बंद ठेवलतं?”

निलेशचं हसू विरलं. “बंद नाही ताई, वेग कमी होता. यादीत नसलेल्यांना—”

“माजं बी चालू करा दोन मिंटात,” श्रीपती आबा उभे राहिले. “तंबूचं पान. माज्या नातीला म्या उगाच बोल लावलं.” त्यांच्यामागून कुणी इंद्रायणी तांदळाच्या विक्रीचं पान म्हणालं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या मोफत तासांची साइट म्हणालं. प्रत्येकाला आजवर आपलाच फोन जुना वाटत होता. आता सगळे एकदम बोलू लागले. शालनताईंनी टेबलावर थाप मारली.

“एकेकानं! आदी यशोधरा.”

यशोधरा बोलू लागली, आणि आता तिचे हात कुणी अडवत नव्हते. प्रेरणाच्या आवाजात तिचं बोलणं समाजमंदिरभर ऐकू येत होतं.

“दळवीदादा वाईट नाहीत. काल ते माझ्याकडं आले होते. म्हणाले, तुमचं ॲप यादीत घेतो. मी नको म्हटलं. कारण मग मी आत आणि आबा बाहेर. पुढच्या वर्षी कुणी नवीन काही काढेल, आज आपल्याला त्याचं नावही माहीत नाही, तो यादीत नसेल. हातबोली सुरू झालं तेव्हा चारच माणसं होती. त्या वेळी अशी यादी असती तर ते माझ्यापर्यंत पोचलंच नसतं, आणि आज मी तुमच्याशी बोलत नसते.”

“पण ताई, खर्चाचं काय?” निलेशनं विचारलं. तो आता कंपनीचं पाठ केलेलं बोलत नव्हता. खरंच विचारत होता. “मोठी ॲप पैसे देतात म्हणून गावाला फुकट मिळतं. त्यांना पुढं जाऊ दिलं नाही तर ते देणार नाहीत. मग सगळंच बंद पडेल.”

“फुकट जेवढं परवडतं तेवढं द्या,” यशोधरा म्हणाली. “रोज थोडाच वेळ द्या, वेग कमी द्या. पण सिनेमाला आणि मला सारखा द्या. ज्याला जास्त हवं तो पैसे भरेल. मीही भरेन. पण मी पैसे भरूनही माझे हात कुठं पोचतील हे तुम्ही ठरवायचं नाही.”

“आणि सरकारचा नियमही तोच आहे,” प्रेरणा म्हणाली. “हे माझं बोलणं आहे, ताईंचं नाही. इंटरनेट देणाऱ्यानं असा भेदभाव करायचा नाही, ही परवान्यातली अट आहे.”

निलेशनं उत्तर दिलं. “ती अट इंटरनेटला लागू होते. आमची मोफत योजना म्हणजे कंपनीची अंतर्गत सेवा. कागदोपत्री ते इंटरनेट नाहीये.”

“काय?” शालनताई ताडकन उभ्या राहिल्या. “इंटरनेट न्हाई? मंग चौकातल्या पाटीवर काय लिवलंय? मोफत इंटरनेट गाव! त्या पाटीखाली म्या नारळ फोडला. गावभर पेढं वाटलं. म्या गावाला काय खोटं सांगितलं?”

निलेशनं मान खाली घातली, आणि सभेला जे कळायचं ते कळलं.

ठराव शालनताईंनी स्वतः सांगितला आणि ग्रामसेवकांनी लिहून घेतला. गावाच्या जागेवरच्या खांबांतून मिळणारं इंटरनेट सगळ्या सेवांना सारखं खुलं राहील. कुणाची सेवा अडवायची नाही, मुद्दाम संथ करायची नाही, पैसे घेऊन पुढं काढायची नाही. हे मान्य असेल तरच जागा, आणि दुसऱ्या कुणाला बंदी असणार नाही. सूचक म्हणून श्रीपती आबांनी नाव दिलं. “अनुमोदक कोन?” ग्रामसेवकांनी विचारलं.

“लिवा,” समोरच उभ्या असलेल्या झुंबरबाई म्हणाल्या. “झुंबरबाई वामन ओव्हाळ.”

हात वर करायला सांगितल्यावर समाजमंदिरात हातांचं रान उभं राहिलं. मागच्या बायकांचे, तंबूवाल्यांचे, खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांचेसुद्धा. ठराव मंजूर झाल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंतीवरून प्रेरणा हसत म्हणाली, “ताईंना टाळ्या ऐकू येत नाहीत हो. आमच्याकडं असं करतात,” आणि तिनं दोन्ही हात उंच धरून पंजे हलवले. आधी पोरांनी केलं, मग आबांनी, मग शालनताईंनी, आणि बघता बघता सबंध सभा हात उंच करून हलवत होती. यशोधरा त्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं आईला मिठी मारली, इतकी घट्ट की झुंबरबाई “आगं, चष्मा, चष्मा” म्हणून ओरडल्या. लेकीला ते ऐकू येणार नव्हतं, आणि आईच्याही ध्यानात ते आलं नाही.

सह्यवेगच्या साहेबांना ठराव आवडला नाही. त्यांनी वायफाय बंद केलं. गावातली पोरं कुरकुरली, आणि पारावर दोघातिघांनी यशोधराचं नाव घेऊन बोटंही मोडली. शालनताई हलल्या नाहीत. “अट मान्य नसंल तर खांब उपटून न्या,” त्यांनी कंपनीला कळवलं, आणि दूरसंचार खात्याकडं तक्रारही पाठवली. तक्रारीसोबत चौकातल्या पाटीचा फोटो जोडला. मग कामशेतच्या एका केबलवाल्यानं, सगळं सारखं खुलं ठेवून, माफक दरात जोडणी द्यायची तयारी दाखवली. ते कळल्यावर सह्यवेगनं निलेशला सही करायला पाठवलं. मोफत वेळ आता कमी होता आणि वेग मध्यम होता, पण यादी नव्हती. निलेशनं सही केली आणि बाहेर येऊन यशोधरापुढं उभा राहिला. त्यानं खिशातून हात काढले आणि दोन खुणा केल्या. कुठून तरी व्हिडिओ बघून शिकला होता. एक खूण चुकली होती. यशोधरानं त्याचा अंगठा धरून नीट केली. तो म्हणत होता, बरं झालं.

उन्हाळा लागता लागता ठरावाची बातमी खोऱ्यात पसरली. शिरगावच्या बाजूच्या एका गावातून सरपंचबाईंचा शालनताईंना फोन आला. तिथंही असाच करार व्हायचा होता. ‘तुमच्या त्या दोघी येतील का आमच्या सभेला?’

शालनताईंनी जीप ठरवली. यशोधरानं मशीनवर झाकण घातलं. झुंबरबाईंनी निळ्या काठाची नवी साडी नेसली आणि जीप आल्यावर थेट ड्रायव्हरशेजारच्या जागेकडं गेल्या. शालनताई तिथं आधीच बसल्या होत्या.

“सरपंचबाई, तुमी मागं बसा,” झुंबरबाई म्हणाल्या. “आज बोलायचं आमाला हाय.”

शालनताई हसत हसत उतरल्या आणि मागं यशोधराशेजारी जाऊन बसल्या. जीप धरणाच्या कडेनं निघाली. वळणावर नेटवर्क लागताच यशोधरानं फोन काढून हातबोली उघडलं. प्रेरणा दिसली. शालनताईंनी फोनमध्ये डोकावून मोठ्यानं सांगितलं, “हिला इचार, तिकडं पयलं कोन बोलनार? आय का लेक?”

यशोधरानं प्रश्न पाहिला, पुढं बसलेल्या आईच्या ताठ पाठीकडं पाहिलं, आणि हसून आईकडं बोट केलं.